आधी गांधी दरवाजापासून चालत या

महाल या जुन्या भागातला एखादा वाडा कोसळला किंवा रुंदीकरणाच्या रेषेत आला, की नागपुरात ठरलेला वाद ठरलेल्या शब्दांत सुरू होतो. एक बाजू म्हणते, भोसलेकालीन वैभव डोळ्यांदेखत चालले, वाचवा. दुसरी म्हणते, त्या बोळात अॅम्ब्युलन्स शिरत नाही, तुमचे वैभव काय चाटायचे आहे? आता यात तिसरा विषय येऊन मिळाला आहे, तो म्हणजे रविवारच्या पायी फेऱ्या, ज्यांना सगळे ‘हेरिटेज वॉक’ म्हणतात. पश्चिमेकडच्या धरमपेठ-रामदासपेठेतली मंडळी सकाळी गाड्या घेऊन येतात, तासाभरात चार दरवाजे आणि दोन देवळे पाहतात, तर्री-पोहे खातात आणि परत जातात. त्यावर महालवाले हसतात, समाजमाध्यमांवर एकमेकांची उणीदुणी निघतात, आणि आठवड्याभरात सगळे शांत. पुढचा वाडा पडेपर्यंत.

हा वाद दोन्हीकडून चुकीचा लढला जातो, असे माझे मत आहे. दोघांचेही डोळे इमारतींवर आहेत. एकाला त्या ठेवायच्या आहेत, दुसऱ्याला पाडायच्या आहेत. जुन्या नागपूरची खरी कमाई मात्र त्या इमारतींच्या मधल्या जागेत आहे, म्हणजे तिथे चालता येते, यात. गांधी दरवाजापासून इतवारीतल्या शहीद चौकापर्यंत दोनेक किलोमीटर माणसाला दिवसभर, रेंगाळत, अंग न चोरता हिंडता येते की नाही, ही महालाविषयीच्या कुठल्याही योजनेची पहिली कसोटी असली पाहिजे. आणि ज्याला त्या योजनेवर सही करायची आहे किंवा तिच्यावर तावातावाने बोलायचे आहे, त्याने तो दिवस आधी स्वतःच्या पायांनी काढला पाहिजे. तासाची फेरी नव्हे, अख्खा दिवस.

असे का? हे शहर तसेच घडले आहे म्हणून. देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शहाने, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ज्या बारा खेड्यांना जोडून नागपूर वसवले, त्यांत सीताबर्डी, सक्करदरा, वाठोडा, भानखेडा, फुटाळा, लेंढरा अशी नावे आहेत. आज आपण ती सिटी बसच्या पाटीवर वाचतो. त्याच्यामागून आलेल्या चांद सुलतानाने तटबंदी घातली आणि जुम्मा तलाव बांधला. तोच पुढे शुक्रवारी तलाव झाला, आता गांधीसागर. तटातला जुम्मा दरवाजा आज गांधी दरवाजा म्हणून उभा आहे. पहिल्या रघुजी भोसल्यांनी इथे राजधानी आणली आणि शहर बाजाराच्या वारांवर वाढत गेले. इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी या वस्त्या नकाशावर आधी आखून मग बसवलेल्या नाहीत. डोक्यावर गाठोडे घेतलेला विणकर, बैलगाडी, पालखी, फार तर एखादा हत्ती, एवढ्यांच्या मापाने इथल्या वाटा रुंद झाल्या. सराफा ओळीत सोन्याची दुकाने एकाला एक लागून आहेत ती गिऱ्हाइकाने चालत दहा ठिकाणी भाव विचारावा म्हणून. चितार ओळीत मूर्तिकार शेजारीशेजारी बसतात, कारण माती, रंग, पेंढा आणि गिऱ्हाईक या सगळ्यांचीच वाट एक आहे. हा सगळा धंदाच पायी चालणाऱ्या माणसाच्या हिशोबाने रचलेला आहे.

मग हे शहर पायी पाहण्याची सवय मोडली कशी? त्याचे उत्तर एका टेकडीवर सापडते. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली, आप्पासाहेब भोसले इंग्रजांकडून हरले, आणि सत्तेची खुर्ची टेकडीच्या पश्चिमेला सरकली. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघुजी वारले, दत्तक नामंजूर झाला, संस्थान खालसा झाले, आणि राजवाड्यातले हत्ती, घोडे, जडजवाहीर लिलावात निघाले. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला तेव्हा त्याची राजधानी नागपूरच राहिली, पण राज्य करणारे आता सिव्हिल लाईन्सच्या बंगल्यांत राहत होते. १८६७ मध्ये रेल्वे आली आणि रुळांनी ही विभागणी जमिनीवर कोरून ठेवली. पूर्वेला शहर, पश्चिमेला साहेब. साहेब गेले, बंगल्यात दुसरे आले, दिशा बदलली नाही. आजही पश्चिम नागपुरातला सुशिक्षित माणूस वर्षातून कितीदा रुळांच्या पलीकडे जातो? लग्नाचे दागिने घ्यायला एकदा, मारबत पाहायला एकदा, फार झाले तर चितार ओळीत गणपती सांगायला एकदा.

या विभागणीवर नागपुरातच एक लढा झाला आणि तो पायांनीच लढला गेला. १९२३ च्या उन्हाळ्यात झेंडा सत्याग्रह झाला तो तिरंगा घेऊन सिव्हिल लाईन्सकडे चालत जाण्याच्या हक्कासाठी. मिरवणुकीला तिथे बंदी होती. देशभरातून स्वयंसेवक आले, रोज जथा निघायचा, रोज अडवला जायचा, तुरुंग भरले. जमनालाल बजाज पकडले गेले आणि पुढे सूत्रे वल्लभभाई पटेलांकडे आली. शहराच्या कुठल्या भागातून कोणी चालायचे, हा प्रश्न आपल्याकडे कधीच हौसेचा नव्हता. शहरातून सिव्हिल लाईन्सकडे जाणाऱ्यांना तेव्हा पोलिसांनी अडवले. उलट दिशेने येणाऱ्याला तर आजवर कुणीच अडवलेले नाही. तरी कुणी येत नाही.

आता विरोधकांचे म्हणणे घेऊ, कारण त्यात दम आहे.

पहिला मुद्दा आगीचा आणि आजारपणाचा. बोळात बंब जात नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या म्हातारीला छातीत कळ आली तर तिला खुर्चीवर बसवून चौकापर्यंत उचलून न्यावे लागते. हे खरे आहे, आणि ज्याच्या घरात असे घडले त्याला नक्षीदार तुळयांचे कौतुक ऐकवणे हा निव्वळ उद्धटपणा आहे. पण भरदुपारी त्याच बोळात उभे राहून पाहा. बंब अडतो तो बहुतेकदा वाड्याच्या भिंतीला नव्हे, दोन्ही बाजूंना लावलेल्या दुचाकींना, दुकानाबाहेर आलेल्या टिनाच्या शेडला आणि माल उतरवत उभ्या असलेल्या टेम्पोला. हे गाडीच्या काचेतून दिसत नाही. गाडीवाल्याला फक्त ‘रस्ता अरुंद’ एवढेच दिसते. आगीला रुंदी पुरत नाही, याला इतिहासही साक्षी आहे. काळ्या दगडाचा आणि लाकडी कोरीवकामाने मढवलेला भोसल्यांचा जुना राजवाडा १८६४ मध्ये जळाला, मागे राहिला तो मोठा दरवाजा. तो काही कुठल्या बोळात नव्हता. महालाला पाण्याचे जागोजागी नळकोंडाळे, बोळात शिरणाऱ्या लहान गाड्या आणि रस्त्यावर उभ्या वाहनांना बंदी हवी आहे. यातल्या एकाही गोष्टीसाठी घर पाडावे लागत नाही.

दुसरा मुद्दा व्यापाऱ्यांचा. “पार्किंग नसन तर गिऱ्हाईक येईन का भाऊ?” हा प्रश्न इतवारीत कुठल्याही दुकानात ऐकू येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. धरमपेठेतल्या शोरूमशी आणि मोबाईलवरच्या खरेदीशी ज्याला टक्कर द्यायची आहे, त्याला प्रत्येक गिऱ्हाईक मोलाचे आहे. पण रुंदीकरणाने पार्किंग मिळते का? सेंट्रल अव्हेन्यू काढला तेव्हा तो जुन्या शहराच्या पोटातून आरपार काढला. महाल एका बाजूला राहिला, इतवारी दुसऱ्या बाजूला. रुंदी भरपूर मिळाली. आज तिच्या कडा वाहनांनी भरलेल्या असतात, आणि महालातून इतवारीत पायी जाणाऱ्या बाईला तो रस्ता ओलांडताना जीव मुठीत धरावा लागतो. केळीबाग रस्त्यासाठी घरांचे दर्शनी भाग कापले, आतल्या खोल्या उघड्या पडल्या, देवळीतले देव रस्त्यावर आले. मोकळ्या झालेल्या जागेत पहिल्यांदा कोण येऊन उभे राहते, हे पाहायला फार दूर जायला नको.

उलट एक गोष्ट आपल्या हातात आलेली आहे आणि तिचा हिशोब कुणी मांडत नाही. डिसेंबर २०२२ पासून मेट्रो सीताबर्डीहून थेट प्रजापती नगरपर्यंत सेंट्रल अव्हेन्यूवरून धावते. चितार ओळी, अग्रसेन चौक ही स्थानके जुन्या बाजाराच्या उंबऱ्यावर आहेत. मेट्रोच्या दुसऱ्या टोकाच्या लोकमान्य नगरातल्या माणसाला गाडी न काढता सराफा ओळीत येता येते. मग शेवटची दहा मिनिटे सावलीतून, खड्डे नसलेल्या फरशीवरून, कोपराचा धक्का न लागता चालता आली, तर गिऱ्हाईक वाढेल की घटेल? मेट्रोवर एवढा खर्च केला आणि स्थानकाच्या जिन्याखाली पाऊल टाकायला जागा ठेवली नाही. त्यात आता इंदोरा ते दिघोरी उड्डाणपुलाची भर. सगळी अक्कल गाड्या वरून कशा जातील यात, खाली चालणाऱ्याचा विचार कुणाच्या खात्यात?

दिल्लीच्या चांदनी चौकातले व्यापारीही असेच घाबरले होते. लाल किल्ल्यापासून फतेहपुरीपर्यंतचा तो रस्ता २०२१ मध्ये सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारींना बंद झाला. तिथे सगळे सुरळीत झाले असे मी म्हणणार नाही. दुचाक्या घुसतात, हातगाड्यांची भांडणे होतात, अंमलबजावणी ढिली आहे. पण गिऱ्हाइकाअभावी बाजार बसला, असे काही झाले नाही. आणि आपल्याला दिल्लीपर्यंत जायचेही कारण नाही. आपल्याकडे मारबत आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे दोन मोठे पुतळे, मिरवत निघतात. काळीची परंपरा १८८१ पासूनची सांगतात, पिवळीची १८८५ पासूनची. काळी मारबत म्हणजे इंग्रजांना मिळालेली भोसले घराण्यातली बाकाबाई, असे सांगतात. पिवळी तऱ्हाणे तेली समाजाची, जगनाथ बुधवारीतली. सोबत बडगे, म्हणजे पुरुषी पुतळे, आणि त्यांच्या गळ्यात त्या वर्षीच्या महागाईच्या, भ्रष्टाचाराच्या, पुढाऱ्यांच्या नावाच्या पाट्या. “इडा पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!” या आरोळीवर इतवारी, शहीद चौक, सगळे बोळ माणसांनी फुलतात. गच्च्या, गॅलऱ्या, ओटे, पायऱ्या, सगळीकडे लोक. गाडी नावाची वस्तू त्या दिवशी तिथे नसते. जुने नागपूर कशासाठी बांधले आहे हे कळायला तेवढा एक दिवस पुरे. त्या बोळांची उंची-रुंदी, ओट्यांची पातळी, गॅलरीतून खालच्या माणसाशी बोलता येईल इतके अंतर, सगळे त्या दिवशी कामाला येते. रस्ता चोवीस मीटर रुंद करा, मग मारबत जाईल, पण ती फक्त एक मिरवणूक असेल. गॅलरीतल्या आजीला बडग्यावरची पाटीही वाचता येणार नाही.

मारबतीतली आणखी एक गोष्ट वारसाप्रेमींना सांगायला हवी. ती दरवर्षी जाळतात. बांबू, कागद, रंग, महिनोन्‌महिन्यांची मेहनत, सगळे संध्याकाळी राख. पुढल्या वर्षी नव्याने बनते. सव्वाशेहून अधिक वर्षे टिकलेली ही गोष्ट एकाही संवर्धन यादीमुळे टिकलेली नाही. ती बनवणारे हात आणि तिला वाट देणारे बोळ शेजारी राहिले म्हणून टिकली. यादीतल्या वाड्यांचे काय चालले आहे ते आपण पाहतोच. मालक एक, वारस बारा, भाडेकरू तीन पिढ्यांचा, भाडे चहाच्या बिलाएवढे. डागडुजी कोण करणार? वारसा वास्तूच्या मालकाला टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) देण्याची तरतूद नियमांत आहे, पण वारसांच्या सह्या गोळा होईपर्यंत पावसाळे निघून जातात. अशा घरात राहणाऱ्याला ‘पाडू नका’ एवढेच सांगून आपण घरी निघून येणे मला पटत नाही. काही वाडे पडतील. पडू द्या. त्या जागी काय उभे राहते, ते रस्त्याला तोंड देऊन उभे राहते की शटर आणि पार्किंगची ढोली दाखवते, ओटा राहतो की नाही, यावर भांडा.

पायी फेऱ्यांवरचा आक्षेप मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तो मला सर्वांत जास्त लागतो. म्हणतात, गरिबीचा तमाशा पाहायला येता काय? आणि दाखवता काय, तर राजे! हे दोन्ही आरोप बऱ्याच अंशी खरे आहेत. फेरी कल्याणेश्वराच्या देवळाशी थांबते, भोसल्यांचा वाडा दाखवते, आणि संपते. गोंड राजाचा किल्ला याच महालात आहे, तिथे किती जण नेतात? ज्यांनी शहर वसवले त्यांचा उल्लेख एका वाक्यात. टिमकी, भानखेड्यातल्या कोष्ट्यांचे माग, मोमीनपुऱ्यातले विणकर, १८७७ मध्ये सुरू झालेल्या एम्प्रेस मिलच्या भोंग्यावर पहाटे चालत जाणारे हजारो पाय, हे कुठल्या फेरीत येते? सावजीच्या रश्शाचे कौतुक सगळे करतात. तो रस्सा ज्या हलबा-कोष्टी घरांतून आला, त्या घरांचा माग बंद पडल्यावर चूल कशी पेटली, हे कुणी विचारत नाही.

पण फेऱ्या वाईट निघतात म्हणून चालणेच सोडून द्यायचे, हा कुठला न्याय? उलट त्या लांबल्या पाहिजेत. सकाळी गांधीसागरला सुरू झालेला माणूस दुपारी मोमीनपुऱ्यात चहाला आणि संध्याकाळी गांजाखेत चौकात पोचला, की त्याला एकट्या राजाची गोष्ट सांगून भागत नाही. आणि १७ मार्च २०२५ च्या दंगलीच्या रात्रीनंतर तर याची जास्तच गरज आहे. महाल, चिटणीस पार्क, हंसापुरी, भालदारपुरा ही नावे त्या आठवड्यात देशभर टीव्हीवर जळत्या गाड्यांसोबत दिसली, संचारबंदी लागली, आणि पश्चिमेकडच्या कितीतरी घरांत ‘तिकडे जाऊ नको’ हा नियम झाला. या वस्त्या एकमेकींपासून चार-चार मिनिटांच्या अंतरावर आहेत, हे टीव्हीवर कळत नाही. हंसापुरीतून भालदारपुऱ्यात जाताना सीमारेषा कुठे लागते, ते चालून पाहिलेल्या माणसाला विचारा. चालल्याने दंगे थांबतात, असा माझा दावा नाही. पण ज्या वस्तीचा रस्ताच पायाखालून गेलेला नाही, तिच्याबद्दल काहीही खरे वाटू शकते.

बाहेरची उदाहरणे दोन्ही प्रकारची आहेत. अहमदाबाद महापालिकेने १९९७ मध्ये कालूपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंत पोळांमधून, म्हणजे तिथल्या जुन्या दाट गल्ल्यांमधून, पायी फेरी सुरू केली. हौशी मंडळाने नव्हे, महापालिकेने. वीस वर्षांनी, २०१७ मध्ये, ते शहर जागतिक वारसा यादीत गेले. सगळे पोळ वाचले का? नाही, तिथेही घरे रिकामी होतात. तरी आपल्या शहराचा जुना भाग हा रोज माणसाने चालायची जागा आहे, हे एका महापालिकेने मान्य केले. अमृतसरला सुवर्णमंदिराकडे जाणारा रस्ता २०१६ मध्ये पायी चालणाऱ्यांसाठी मोकळा केला आणि सोबत दोन्ही बाजूंच्या दुकानांना एकसारखे दर्शनी मुखवटे चढवले. चालायला ऐसपैस झाले, पण शहर नाटकाच्या पडद्यासारखे दिसू लागले. महालात हे होऊ नये. गुलाबी दगडाच्या खोट्या कमानी आणि एलईडीचे कंदील लावून ‘हेरिटेज स्ट्रीट’ करण्याचा मोह आपल्या नगरसेवकांना होणारच आहे, तो आधीच ओळखलेला बरा.

राहिला उन्हाचा मुद्दा. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत कोण चालणार? कुणी नाही, चालूही नये. पण अरुंद बोळाला सावली असते आणि रुंद डांबरी रस्त्याला नसते, एवढे तरी कबूल करू या.

मागण्या फार मोठ्या नाहीत. महालापासून शहीद चौकापर्यंत एक सलग फुटपाथ, ज्यावर ट्रान्सफॉर्मर, डीपी आणि पोलीस चौकी उभी नसेल. सेंट्रल अव्हेन्यू ओलांडायला सिग्नलची पुरेशी सेकंदे. प्यायचे पाणी. बसायला ओटे. आणि बायकांसाठी स्वच्छ, उघडे असलेले संडास, कारण त्याशिवाय ‘अख्खा दिवस चाला’ हा सल्ला निम्म्या नागपूरला लागूच होत नाही. माल उतरवायच्या वेळा ठरवून द्या. ठोक व्यापाराचा मोठा भाग कळमन्याच्या बाजारात आहेच. हे सगळे पुढच्या रुंदीकरणाच्या निविदेआधी करून पाहा, मग किती घरे कापायची उरतात ते मोजू.

१९५३ च्या नागपूर करारामुळे दर डिसेंबरात हिवाळी अधिवेशनासाठी सरकार इथे येते. मंत्री रवी भवनात, आमदार आमदार निवासात, सचिव आणखी कुठे. मोर्चे त्यांच्याकडे चालत जातात, ते कुठेच चालत येत नाहीत. डिसेंबरात नागपूरची हवा चालण्यासारखी असते, सभागृहाला रविवारी बहुधा सुट्टी असते, आणि आमदार निवासापासून गांधी दरवाजा काही फार लांब नाही.